मुकादमाला पटलेलं सुतक

टेंभुर्णी,
९ मे २०२५

चि. गजानन,

आशीर्वाद. अर्पिताचं लग्न पार पडलं, पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि मुलीचा बाप म्हणून आता कुठे मला पाठ टेकायला मिळाली आहे. फोन करून उपयोग नाही हे तुला माहीत आहे. फोन लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मोबाइलवर लिहून पाठवावं तर घरातले सगळे आधी वाचतात. तेव्हा पोस्टाचं पाकीटच बरं.

लग्नात मी बोललो नाही, कारण चार माणसं होती. आता बोलतो. तुला लाज कशी वाटली नाही? छप्पन्न वर्षांचा माणूस तू, आणि डोकं बघावं तर बुटाला पॉलिश केल्यासारखं! मिशीसुद्धा! मुलाकडचे पाहुणे मला विचारतात, "गुरुजी, हे तुमचे थोरले चिरंजीव का?" काय सांगायचं मी? जेवायच्या वेळी घामाबरोबर तुझ्या कानामागून काळा ओघळ सदऱ्याच्या कॉलरवर उतरलेला मी स्वतः पाहिला. मला पुढे घास गेला नाही.

उमा आली नाही. विचारलं तर "बरं न्हाई" एवढंच म्हणालास. पुतणीच्या लग्नाला सख्खी काकू नाही, आणि काका नवरदेवासारखा मिरवतोय. भावकीत काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही, तूच समज.

आबांनी खाटेवरून तुला पाहिलं आणि मला विचारलं, "कोन पाहुना हाय रे?" पोटच्या पोराला बाप ओळखत नाही, इतकं नटायचं काय कारण? पुढच्या वेळी येशील तेव्हा ते डोकं धुऊन ये.

तुझा,
दादा


जालना,
१७ मे २०२५

दादा,

नमस्कार. वर 'तीर्थस्वरूप' लिहायचं असतं हे तुम्हीच शिकवलं, पण आज लिहीत न्हाई. राग आलाय.

तुमचं पत्र उमानं बी वाचलं. आधी हसली, मंग रडली, मंग म्हणाली, दादांना सगळं लिहून टाका, आता लपवून काय करायचंय. म्हणून लिहून राह्यलो.

मला शौक न्हाई दादा. त्या कलपाची मला किळस येते. युरियाच्या पोत्यात डोकं खुपसल्यावानी वास येतो आणि दोन दिवस जेवणात बी तोच वास. रविवारी आमच्या वस्तीतल्या सलूनमधी येऊन बघा एकदा. पन्नाशी उलटलेली माणसं डोक्याला काळं थापून वळीनं बसलेली असतात. कोणी आमच्या सळ्यांच्या मिलमधला, कोणी बियाण्याच्या प्लँटमधला. कोणी कोणाकडं बघत न्हाई. सलूनवाला गाणी लावतो, तेवढाच आवाज.

तुम्हाला अठ्ठावन्नला हार घातला, शाल दिली, पोरींनी स्वागतगीत म्हणलं. आमच्या मिलमधी आसलं काही न्हाई. आम्हाला एक शब्द देतात, काका. गेल्या वर्षी ठेकेदार बदलला. त्याचा मुकादम राधेश्याम सकाळी गेटवर उभा राहतो. आधार कार्डावर काय वय आहे ते कोणी बघत न्हाई. राधेश्याम डोकं बघतो, चाल बघतो. जोवर नावानं हाक मारतो तोवर ठीक. एकदा का "अरे काका" म्हणला, की त्या माणसानं समजून घ्यायचं. आठवडाभरात त्याला गेटावरून परत लावतात. "अब आराम करो काका, पोते को खिलाओ."

माझ्या जोडीचा देवानंद तुम्हाला आठवत असंल, एकदा घरी आल्ता, आबांनी त्याला हुरडा दिल्ता. आम्ही दोघं लाल सळ्या चिमट्यानं ओढून थंड व्हायच्या पट्ट्यावर घ्यायचो. त्यानं पैसे वाचवायला कसलंतरी काळं तेल लावलं. भट्टीपुढं उभा राह्यला, तर कपाळावरून काळं पाणी गळायला लागलं. राधेश्याम बोलला, "काका, छत टपक रही है!" सगळी मिल हसली. मी बी हसलो दादा. हसलो नसतो तर माझ्या डोक्याकडं बघितलं असतं. देवानंद आता रोजंदारीसाठी नाक्यावर बसतो. तिथं बी डोकं बघूनच उचलतात.

आता उमाचं. तिच्या किडन्या गेल्यात. मागल्या दिवाळीपासून आठवड्यातनं दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागतं. लग्नाच्या दिवशी तिची मशीनची पाळी होती, म्हणून आली न्हाई. हे सगळं माझ्या कामगार विम्याच्या कार्डावर चालतं. मी कामावर आहे तोवर कार्ड. काम गेलं की थोडे महिने, मंग बंद. आपल्या खिशानं करायचं म्हणलं तर किती दिवस पुरणार ते तुम्ही सांगा. तिला जगवायचं आहे, तर मला म्हातारं होऊन चालत न्हाई. एवढीच गोष्ट आहे.

बाकी काही बोला, पण आबांनी मला ओळखलं न्हाई हे लिहायला नको होतं.

गजानन


टेंभुर्णी,
१ जून २०२५

चि. गजानन,

आशीर्वाद. मी चुकलो. कौसल्याने, तुझ्या वहिनीने, तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्याच तपासल्या." उमाचं तू आम्हाला आधी का सांगितलं नाहीस? आम्ही काय परके आहोत?

धीर सोडू नकोस. परवा पेपरात एक चांगला लेख आला, तो कापून सोबत ठेवला आहे. लेखक म्हणतो की निवृत्तीच्या वयाला टेकलेल्या पुरुषांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण वाढत चाललं आहे. पूर्वी माणूस साठीला खाट धरायचा, आता तो सक्रिय राहू इच्छितो. मला वाचून बरं वाटलं. म्हणजे तू एकटा नाहीस. तू असं कर, मुकादमाला बाजूला घेऊन खरं वय सांग. इतक्या वर्षांचा अनुभव सांग. सरळ बोलणाऱ्या माणसाचं कोणी वाईट करत नाही असा माझा तरी अनुभव आहे.

नाहीच जमलं तर इकडे निघून या. घर आहे, थोडं रान आहे. तू सोयाबीन बघ, उमाची काळजी कौसल्या घेईल. मशीनचं काहीतरी जवळपास होईलच.

आबांचं खाणं कमी झालं आहे. दूध-भाकरीसुद्धा अर्धी टाकतात. तुझी आठवण काढतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे तू अजून चौथीतला आहेस. काल म्हणाले, "गज्या शाळंतून आला का?"

येऊन जा.

तुझा,
दादा


जालना,
२२ जून २०२५

दादा,

नमस्कार. तुमचा लेख वाचला आणि मंग त्याच कागदात भजी बांधून घेतली. तेवढ्याच कामाचा होता तो.

प्रमाण वाढलं म्हणे! वाढणारच की. घरी बसलं तर खायचं काय, दवाखान्यात द्यायचं काय, म्हणून माणूस गेटावर उभा राहतो. त्याला हे लोक लांबून बघतात आणि लिहितात 'सक्रिय'. त्या लेखकाला भर मे महिन्यात भट्टीपुढं एक पाळी उभं करा, मंग विचारा किती सक्रिय वाटून राह्यलं. मला वीट आलाय दादा. मिलचा, कलपाचा, रोज गेटावर छाती काढून चालण्याचा. गुडघा दुखतो, पण राधेश्यामच्या समोरून जाताना जल्दी जल्दी चालतो, शिट्टी वाजवत जातो. छप्पन्न वर्षांचा माणूस शिट्टी वाजवतो! आतमधी गेलो की पाण्याच्या टाकीमागं बसून गुडघा चोळतो.

त्याला खरं वय सांग म्हणता. तुम्ही शाळेत होता दादा, तिथं खरं बोलल्यावर शाबासकी मिळायची.

गावाकडं येणं जमत न्हाई. टेंभुर्णीवरनं आठवड्यातनं दोनदा उमाला जालन्याला आणायचं, मशीन झाल्यावर तिला उभं राहता येत न्हाई, तशी परत न्यायची. आणि कार्ड बंद पडल्यावर आणायचं तरी कशासाठी?

आता एक लिहितो. लिहावं का न लिहावं, आठवडाभर इचार केला. शिव्या द्या, पण वाचा. आबांचं काही कमीजास्त झालं तर मी येईन. खांदा देईन, पाणी देईन, जे सांगाल ते करीन. पण दहाव्याला माझं डोकं करू नका. वस्तरा लागला की सगळा कलप उतरला. मंग जे उगवंल ते पांढरं फक, आणि उगवता उगवता राधेश्याम 'काका' म्हणून मोकळा. एवढं एक सांभाळून घ्या. भावकीला तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

गजानन


टेंभुर्णी,
३० जून २०२५

गजानन,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

बाप खाटेवर जिवंत आहे. मी हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीत खोकतो आहे. आणि तू त्याच्या दहाव्याला आपलं डोकं कसं वाचवावं ते ठरवतोस. मला शिसारी आली. तुझी आली, तुझ्या मुकादमाची आली, माणसाकडून असलं पत्र लिहून घेणाऱ्या त्या मिलची आली. ज्याने तुला खांद्यावर बसवून बाजार दाखवला त्याच्यासाठी चार केस देता येत नाहीत तुला?

या विषयावर पुन्हा अक्षर लिहू नकोस. आबांना भेटायचं असेल तर ये.

उमाचं पथ्य सांभाळ. कौसल्याने तिच्यासाठी विचारलं आहे, मीठ बंद केलं का.

दादा


जालना,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आज पूर्ण लिहिलं. आबांच्या दहाव्याला नदीवर जे झालं त्यानंतर मी तुमच्याकडं नीट बघू बी शकलो न्हाई. घाईनं निघालो, उमाची मशीनची पाळी होती.

मी तर मनाची तयारी करून आल्तो. तुमचं जूनमधलं पत्र आल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहायची हिंमत झाली न्हाई. आबा गेल्याचा निरोप आला तव्हा म्हणलं, जाऊ दे, करू डोकं, मंग काय व्हायचं ते होऊ दे. कल्याण वारिकानं तुमचं केलं, चुलतभावांचं केलं, आणि वस्तरा धुऊन माझ्याकडं आला. मी टोपी काढून खाली बसलो. आणि तुम्ही ओल्या डोक्यानं उठून उभे राह्यलात. "थांब कल्याण! आबांनी मला शेवटी सांगितलंय. धाकट्याच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्याची बायको आजारी आहे, तिचं कुंकू शाबूत असताना तिच्यापुढे बोडकं डोकं नको." तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणून तुम्ही लई मोठ्यानं बोलता. पार वरच्या घाटावरची माणसं वळून बघायला लागली. शिवाजी गुरुजी खोटं बोलतील असं गावात कोणाला वाटणारच न्हाई. कल्याणनं पेटी मिटली.

मला माहिती आहे आबा काही बोलले न्हाईत. शेवटचा महिना तर त्यांना आपली नावं बी येत नव्हती. तुम्ही माझ्यापायी भर दहाव्याला खोटं बोललात. वहिनींना बी कळलं असंल, त्या माझ्याकडं बघून नुसत्या डोळे पुसत होत्या.

आता पुढचं ऐका. ऐकून हसा का रडा, मला काही कळंना झालंय.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. राधेश्यामनं माझ्याकडं बघितलं. डोक्याकडं, मिशीकडं, परत डोक्याकडं. मी मनात म्हणलं, चला, काळं दिसून राह्यलं बराबर. तर तो बोलला, "तेरा बाप मरा था ना? तो बाल किधर गए? मतलब, गए क्यूँ नहीं?" मी सांगितलं, घरच्या मोठ्यांनी न्हाई म्हणलं. तो बोलला, "हमारे गाँव में बाप मरे तो आदमी मूँछ तक नहीं रखता. और तू हीरो बन के आया है. झूठी छुट्टी ली तूने. किसी की बारात में नाच के आया है." मी ग्रामपंचायतीचा दाखला काढून दाखवला. त्यानं वाचला बी न्हाई. म्हणे कागद कोणी बी बनवतो. "जो बाप के नाम पे झूठ बोले, वो काम में क्या करेगा?" आणि मला गेटावरनंच परत लावलं.

दादा, मी जे काळं डोकं वाचवायला तुम्हाला खोटं बोलायला लावलं, त्याच काळ्या डोक्यानं माझं काम घालवलं. काका म्हणून काढलं असतं तर मी समजू शकलो असतो. मला खोटारडा म्हणून काढलं. आबा मेलेच न्हाईत म्हणला तो. गेटावर पोरं उभी होती, ती हसत होती. मला माझीच ओकारी यायला लागली.

उमाला अजून सांगितलं न्हाई. रोज डबा घेऊन निघतो आणि देवानंदजवळ नाक्यावर जाऊन बसतो. दोघं माझ्या डब्यातली भाकर वाटून खातो. कार्ड चालू आहे तोवर काहीतरी करावं लागंल.

गजानन


टेंभुर्णी,
२२ सप्टेंबर २०२५

चि. गजानन,

अनेक आशीर्वाद. मी जालन्याहून सुखरूप पोहोचलो. बसमध्ये जागा मिळाली.

तुझं पत्र वाचून मला घरी बसवलंच नाही, म्हणून न सांगता निघालो. मनात एकच होतं, खोटं मी बोललो, तर निस्तरायचंही मीच. माझं हे बोडकं डोकं आणि माझी गुरुजीची टोपी घेऊन मुकादमापुढे उभं राहायचं आणि सांगायचं, हा माझा सख्खा भाऊ, आमचे वडील गेले, यात तिळाएवढंही खोटं नाही.

आणि बघ, झालं की नाही काम? तू उगीच त्या माणसाला राक्षस करून ठेवलं होतंस. मला काही ऐकू आलं नाही हे खरं, त्या गेटावर ट्रकांचा आणि आतल्या यंत्रांचा इतका आवाज, माझ्या यंत्राने तर हातच टेकले. पण मी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचले आहेत. मी टोपी काढून डोकं दाखवलं तसा तो हसला. माझ्याकडे बोट केलं, तुझ्याकडे बोट केलं, काहीतरी बोलला, शेजारचेही हसले. मी हात जोडले. त्यानेही जोडले. भला माणूस वाटला मला. तू मात्र खाली मान घालून उभा होतास. आभार तरी मानायचे होतेस!

परतताना तू एक शब्द बोलला नाहीस, मला वाटलं, गहिवरला असशील. मीही गहिवरलोच होतो. आता मनातली अढी गेली. आबांच्या नावाने जे खोटं बोललो त्याचं प्रायश्चित्त झालं असं समजतो.

उमाला पाहून बरं वाटलं. ओठ कोरडे आहेत तिचे, पण हसते छान. कामावर रुजू झाल्याचं दोन ओळींत कळव.

तुझा,
दादा


जालना,
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादांस,

नमस्कार. दोन ओळी कळवायला इतके दिवस लागले. दिवाळीला बी आलो न्हाई. आपल्याकडं औंदा दिवाळी नव्हतीच, पण यायला पाहिजे होतं. आलो असतो तर तुम्ही माझं डोकं बघितलं असतं, म्हणून आलो न्हाई.

मी कामावर आहे. आधी हे लिहितो, म्हणजे तुमचा जीव खाली पडंल. उमाचं कार्ड चालू आहे, आठवड्यातनं दोनदा मशीन होतं.

आता त्या दिवशीचं सांगतो. सांगू नये असं उमा म्हणते. दादा इतक्या आनंदात घरी गेले, राहू द्या तसंच, म्हणते. पण तुमचं 'भला माणूस' वाचल्यापासून मला गप बसवंना. तुम्ही टोपी काढून उभे राह्यलात तव्हा राधेश्याम काय बोलला ते ऐका. तो बोलला, "अच्छा, अब किराये का टकला लाया?" त्याला सगळे हसले. मंग तुमच्याकडं बोट करून बोलला, "बाप इसका मरा है. दिख रहा है." आणि माझ्याकडं बोट करून बोलला, "तेरा नहीं मरा." तव्हा तुम्ही हसून हात जोडले. त्यानं नक्कल करून हात जोडले.

ज्या माणसापुढं अख्खं टेंभुर्णी उठून उभं राहतं, त्यानं माझ्यापायी त्या असल्या माणसाला हात जोडले. माझा हात उठायला पाहिजे होता. उठला न्हाई. मला उमाचं मशीन आठवलं. मी मान खाली घातली, आणि तुम्हाला वाटलं मी गहिवरलोय.

शिवी म्हणून तो बोलला. पण मला ते खरं वाटलं दादा. तुमचा बाप मेला, ते तुमच्याकडं बघून कोणाला बी कळत होतं. माझा कुठं मेला होता? मी तर आबांच्या चितेपुढं बी कलपाला झळ लागंल म्हणून दोन पावलं मागं उभा होतो. हे तुम्हाला दिसलं नसंल. मला माहिती आहे.

तुम्हाला बसमधी बसवलं आणि तसाच एमआयडीसीच्या फाट्यावर गेलो. तिथं लिंबाखाली एक जण खुर्ची टाकून बसतो. म्हणलं, सगळं काढ, मिशी बी काढ. त्यानं विचारलं, "कोण गेलं?" म्हणलं, आबा. आणि त्या खुर्चीत मला जे रडू फुटलं, ते नदीवर बी आलं नव्हतं. रस्त्यावरचे ट्रकवाले बघत होते. न्हावी वस्तरा थांबवून उभा राह्यला बिचारा. मला वाटलं, चला, उशिरानं का होईना आबांचं केलं. काम मेलं तर मरू दे. तेवढ्यापुरतं लई हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उमा म्हणाली, एकदा जाऊन तर बघा. गेलो. राधेश्यामनं बघितलं, जवळ आला, आणि माझ्या डोक्यावर हात फिरवला. बाजारात टरबूज थोपटून बघतात तसं थोपटलं. "अब ठीक है. अब लगता है बाप मरा. चल अंदर." गेलो मी अंदर. जावं लागलं.

तुम्हाला वाटंल, चला, गोड झालं. आता पुढं वाचा. चार दिवसांत डोक्यावर खुंट आले, पांढरे. राधेश्याम बोलला, "अरे, ये तो चाँदी निकल रही है तेरी. काका हो गया क्या तू?" काका! तो शब्द त्याच्या तोंडात आला दादा. हसत बोलला, पण आला. खुंटावर कलप लागत न्हाई, टाळूच काळी होते. मंग मी काय केलं? सकाळी उठून वस्तरा घेतला आणि सगळं साफ केलं. टकल्या माणसाचं वय कोणाला कळत न्हाई. दुसऱ्या दिवशी परत केलं. आता रोज करतो. पहिल्या पाळीच्या आधी, चहा व्हायच्या आत. मागची बाजू मला दिसत न्हाई, ती उमा करते. कधी कापतं. त्यावर हळद लावून जातो.

राधेश्यामनं विचारलं, अजून कामून डोकं करतो? मी तोंडाला आलं ते बोललो, हमारे में सूतक साल भर रखते हैं. त्याला लई पटलं. आता तो नव्या पोरांना माझ्याकडं बोट करून सांगतो, "देखो, इसको बोलते हैं बेटा. बाप के लिए रोज सर मुंडाता है. तुम लोग क्या करोगे?" पोरं मान खाली घालून ऐकतात. एक जण तर परवा माझ्या पाया पडायला वाकला. मी तिथंच टाकीमागं जाऊन ओकलो.

चार केस देता येत न्हाईत का आबांसाठी, आसं तुम्ही विचारलं होतं. आबांसाठी दिले न्हाईत. फाट्यावर एकदा दिले, ते बी रडता रडता. आणि या हरामखोरासाठी रोज देतो, वेळेवर देतो, तो शाबासकी देतो, ती घेतो. थू माझ्या तोंडावर. पण उद्या बी करीन, परवा बी करीन. उमा बाजूला बसून आरसा धरते, तिच्याकडं बघितलं की वस्तरा आपोआप चालतो.

त्या लेखवाल्याला मोजणी करायची असंल तर मला बी धरा म्हणावं त्यात. मी सक्रिय आहे.

आबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं येऊ, उमाची तब्येत बरी असली तर. कल्याण वारिकाला माझ्यासाठी थांबवू नका. मी करूनच आलेलो असंन.

वहिनींना सांगा, मीठ पूर्ण बंद आहे.

तुमचा,
गजानन